आजीचे चार ईसा आणि फ्रेंच-जर्मनचा फॉर्म

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका शनिवारी लेकीनं शाळेतून एक कागद आणला. सहावीपासून तिसरी भाषा, फ्रेंच किंवा जर्मन, एका चौकोनात टिक करा आणि पुढच्या सोमवारी पालकांच्या सहीनं परत द्या. एवढाच कागद, पण तो फ्रीजवर मॅग्नेटनं लावला आणि आठवडाभर घरात दुसरा विषयच निघाला नाही. जळगावचा एप्रिल म्हणजे दुपारी कोणी बाहेर पडत नाही, पडदे ओढून कूलरसमोर बसायचं, त्यामुळे चर्चेला वेळच वेळ होता. मी तो कागद फॅमिली ग्रुपवर टाकला, मला वाटलं दोन-चार जण सांगतील, तर सगळं खानदेश बोलायला लागलं.

मोठे दीर म्हणाले डोळे मिटून जर्मन घ्या, तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण पूर्ण नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपियन युनियनच्या बाहेरून आलेल्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात, आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच टाकून दाखवावे लागतात, २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो झालीये. नणंद म्हणाली फ्रेंच, कारण कॅनडात कायम राहायला जायची जी एक्सप्रेस एंट्री योजना आहे, तिच्यात फ्रेंच येणाऱ्याला जादा पॉइंट मिळतात. तेही खरं. सासरे भुसावळला रेल्वेत होते, जर्मन मशीनवर त्यांचा जुना विश्वास, ते म्हणाले जर्मन माणूस काम चोख करतो, पोरीला तीच भाषा दे. साक्रीचा मामेभाऊ म्हणाला आमच्या तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प उभा राहिला त्याला कर्ज जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं होतं, म्हणजे जर्मनी आपल्याकडे ऑलरेडी पोचलीये, तू विचार कसला करतेस.

सगळ्यांचं म्हणणं मायेपोटीच होतं. पण ज्या पोरीबद्दल चाललं होतं ती अकरा वर्षांची, तिला अजून सायकलवरून रिंग रोड एकटीनं क्रॉस करता येत नव्हता, आणि आम्ही तिच्या व्हिसाचं बोलत होतो. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तेव्हा मला विनोबांची गोष्ट आठवली. विनोबा बडोद्याला शाळेत होते तेव्हा वडिलांच्या इच्छेनं त्यांनी फ्रेंच घेतलं, आणि आईला वाटलं मुलानं संस्कृत शिकायला हवं. म्हणजे हे आपल्याकडे शंभरपेक्षा जास्त वर्षं चाललंय, बाप पुढचं बघून एक भाषा सांगतो, आई मागचं धरून दुसरी. मुलाच्या आत काय चाललंय ते कुठंच लिहिलेलं नसतं. आणि त्याच विनोबांनी १९३२ साली आमच्या धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीता सांगितली ती मराठीतून, समोर कैदी बसलेले, आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. फ्रेंच आलं, संस्कृत आलं, पुढे कितीतरी भाषा आल्या, पण बोलायचं होतं समोरच्या माणसांशी, तर त्यांची भाषा घेतली. धुळ्याला जाताना हे नेहमी माझ्या डोक्यात येतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं. कारण एकच, स्कोअरिंग. मराठीत सत्तरच्या पुढे जाणं मुश्कील आणि फ्रेंचमध्ये नव्वद पडतात असं सगळे म्हणायचे. कॉलेजचं नाव घेत नाही. दोन वर्षांत आम्ही वर्गात एकदाही तोंड उघडून फ्रेंच बोललो नाही. नोट्स होत्या, 'माझी मैत्रीण', 'माझा आवडता सण' असे निबंध पाठ केले, उतारे पाठ केले, पेपरात जसेच्या तसे उतरवले. मला ९२ पडले. पेढे वाटले घरी.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी जळगाव स्टेशनच्या बाहेर एक म्हातारं जोडपं उभं होतं, पाठीवर बॅगा, हातात नकाशा. अजिंठ्याला जाणारे बाहेरचे बरेच लोक जळगावला उतरतात, जवळचं स्टेशन तेच. ती बाई नवऱ्याशी फ्रेंचमध्ये बोलत होती हे मला ऐकून कळलं, आणि तिनं माझ्याकडे बघून बसबद्दल काहीतरी विचारलं. साधं वाक्य असणार, अजिंठ्याची बस कुठून सुटते, एवढंच. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, मी हातानं स्टँडच्या दिशेला खूण केली आणि घरी येऊन रडले. कोणाला सांगितलं नाही. त्याच वर्षी आम्ही पाहुण्यांना घेऊन लेणी बघायला गेलो, तर टी-पॉइंटजवळ स्फटिकाचे दगड विकणारा माझ्याच वयाचा एक मुलगा परदेशी बायकांशी फ्रेंचमध्ये भाव करत होता, हसत होता, त्या पण हसत होत्या. तो शाळेत फ्रेंच शिकलेला नव्हता, रोज कानावर पडून पडून शिकलेला. त्याच्याकडे मार्कशीट नव्हती आणि माझ्याकडे फक्त मार्कशीट होती. त्या दिवसापासून भाषा 'घेणं' या शब्दाबद्दल माझ्या मनात एक दुखरी जागा आहे, आणि फ्रीजवरचा तो कागद नेमका तिथेच लागला होता.

त्या आठवड्याच्या रविवारी आम्ही गावी गेलो, माझ्या माहेरी, अमळनेरजवळ. सुरत लाइनच्या गाडीनं अमळनेर, पुढं रिक्षा. मायचा निरोप होता की बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, करायचेत, हात कमी पडताहेत. लेकीनं सोबत दोन पातळ पुस्तकं घेतली होती, शाळेनं बघायला दिलेली, एक फ्रेंच एक जर्मन. गाडीत खिडकीशी बसून ती चाळत होती आणि मी बाजूनं डोकावत होते, जुनी ओळख असल्यासारखी आणि नसल्यासारखी.

जर्मन मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते आणि खरं सांगते, मला धक्का बसला, इतकं ते ओळखीचं वाटलं. आपल्यासारखी तीन लिंगं. डेर, डी, डास, म्हणजे तो, ती, ते. हिंदीत दोनच, फ्रेंचमध्ये पण दोनच, म्हणून तर आम्ही खानदेशी लोक हिंदी बोलताना 'ते' कुठं ठेवायचं म्हणून अडखळतो. जर्मनमध्ये मूल म्हणजे डास किंट, ते मूल, अगदी आपल्यासारखं. लेक म्हणाली मम्मी, मुलगीला पण डास लावलंय, डास मेडशेन, हे चुकीचं छापलंय का? मी म्हटलं नाही गं, आपण लाडानं 'ते पोरगं कुठं गेलं' म्हणतो ना, तसं. मेडशेनमधला 'शेन' हा लहान करायचा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द 'ते' होतो, हे पुस्तकाच्या मागं दिलेलं होतं. मग शब्दाला शब्द जोडायची रीत. हातमोजाला ते हात-बूट म्हणतात. दवाखान्याला आजारी-घर, म्हणजे आपलं रुग्णालयच की. किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग, आणि आपली बालवाडी म्हणजे पण मुलांची वाडीच. 'कारण मला वेळ नाहीये' असं म्हणायचं असेल तर 'कारण'नंतर क्रियापद उचलून पार शेवटी टाकतात, आपण टाकतो तसं. आणि पंचवीस! फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश, पाच आणि वीस, आधी पाच मग वीस. इंग्लिश मीडियमच्या आमच्या पोरांना 'अडतीस म्हणजे किती' विचारलं की ती आठ आधी का येतो म्हणून गोंधळतात, जर्मन पोराला ते विचारावं लागणार नाही.

पारोळ्याकडची एक बाई समोर बसली होती ती पण ऐकत होती, तिनं विचारलं कोणती भाषा शे ही, मी सांगितलं, तर म्हणाली आपलीच दिसते.

मग फ्रेंचचं पुस्तक. तिथं लेकीचा पहिला राग म्हणजे लिहितात एवढं आणि बोलतात अर्धंच, शेवटची अक्षरं गिळून टाकतात. अमळनेर स्टँडसमोरून रिक्षा गेली तेव्हा मी तिला म्हटलं, हा काय आहे? म्हणाली डेपो. मी म्हटलं इंग्रजीत शेवटी टी आहे ना, मग डेपोट का नाही म्हणत? ती गप्प झाली. हा फ्रेंच शब्द आहे, एसटीचा कंडक्टर, हमाल, भाजीवाली, सगळे बिनचूक फ्रेंच पद्धतीनं तो शेवटचा टी सोडून देतात. बुके पण तसंच. ती पुढं घरी पोचेपर्यंत रस्त्यावरच्या पाट्या वाचत अक्षरं गिळत होती.

गावी पोचलो तर गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या, खाली चुलीवर ज्वारीचा घाटा शिजत होता, शेजारच्या दोघी-तिघी आल्या होत्या. माय थापत होती आणि थापता थापता मोजत होती. आमच्याकडे जुनी माणसं विसानं मोजतात, अहिराणीत वीसचा ईस होतो. एक ईस, दोन ईसा, तीन ईसा. लेक तिच्या शेजारी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, फ्रेंच आकडे वाचत होती, आणि सत्तरवर येऊन थांबली. मम्मी, हे बघ, फ्रेंचमध्ये सत्तरला शब्दच नाहीये, स्वासाँत-दीस, साठ-दहा! आणि ऐंशी म्हणजे कात्र-व्हँ, चार-वीस! असं कोण मोजतं?

मायनं वर न बघता विचारलं, काय म्हने ती? मी सांगितलं. तेव्हा माय म्हणाली, "मंग? चार ईसा म्हंजे ऐंशीच. बरोबर शे."

लेक बघतच राहिली. तिनं पुस्तक बघितलं, आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. नव्वद विचारलं. "चार ईसा नि दहा." पुस्तकात कात्र-व्हँ-दीस. तेच. स्वित्झर्लंडच्या आणि बेल्जियमच्या फ्रेंचमध्ये सत्तर-नव्वदला वेगळे सरळ शब्द आहेत, सेप्ताँत, नोनाँत, पण पॅरिसचा माणूस आमच्या मायसारखा मोजतो. मग लेकीनं तिला जर्मनचं पण एक विचारलं, की जर्मनमध्ये सूर्य म्हणजे ती आणि चंद्र म्हणजे तो, फ्रेंचमध्ये सूर्य तो आणि चंद्र ती, तर कोणतं बरोबर? माय हात थांबवून म्हणाली, "सूर्य बाई शे का तठे?" आणि वर त्या एप्रिलच्या आभाळाकडे बघून बराच वेळ गप्प बसली.

इथं मला एक कबूल करायचंय, आणि हा सगळा लेख त्यासाठीच लिहायला घेतलाय. माझ्या लेकीला अहिराणी येत नाही. म्हणजे थोडं कळतं, बोलता येत नाही. मायशी ती शाळेतल्या मराठीत बोलते, 'आजी, तू काय करतेयस', आणि माय तिच्याशी जपून जपून, अडखळत, मराठीसारखं बोलायचा प्रयत्न करते. हे माझ्यामुळे झालं. मी तालुक्याच्या शाळेत गेले तेव्हा 'माले माहीत नही' म्हटलं म्हणून सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं, नीट बोल, शुद्ध बोल. पोरं हसली होती. ते हसू मला अजून ऐकू येतं. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या लेकराला हे ऐकावं लागणार नाही, आणि लग्न होऊन जळगावला आल्यावर घरात अहिराणीचा एक शब्द येऊ दिला नाही. मायचा फोन आला तरी मी बाल्कनीत जाऊन बोलायचे. अकरा वर्षं. आणि आता त्याच लेकीला तिसरी भाषा कोणती द्यावी म्हणून मी आठवडाभर झोपले नव्हते. एक भाषा माझ्या तोंडात आयती होती, शिकवायला मायसारखी आजी होती, फी नव्हती, फॉर्म नव्हता, आणि ती मी बाल्कनीत ठेवली.

त्या संध्याकाळी लेक आजीच्या मागं मागं फिरत होती. हाई काय शे? तठे काय शे? 'शे', म्हणजे 'आहे', तिला फार आवडला, कारण फ्रेंच पुस्तकात पण 'शे' सापडला, शे म्वा म्हणजे माझ्या घरी. अर्थाचा काही संबंध नाही, आवाज तेवढा सारखा, पण अकरा वर्षांच्या पोरीला तेवढं पुरतं. रात्री खाटेवर पडल्या पडल्या ती अंधारात दोन्ही 'शे' एकामागून एक म्हणत होती.

सोमवारी फॉर्म द्यायच्या आधी मी अर्धी रजा टाकून शाळेत गेले आणि दोन्ही तास बघू द्या म्हणून विनंती केली. परवानगी मिळाली. जर्मनचे सर पुण्याहून ऑनलाइन शिकवत होते, माणूस विद्वान वाटला, उच्चार सुंदर, पण स्क्रीनवर, आणि चाळीस मुलं समोर, एखाद्यानं उत्तर दिलं तर आवाज पोचायचा नाही. फ्रेंचच्या मॅडम वर्गात होत्या. त्यांनी तासभर खडू हातात घेतला नाही. प्रत्येक मुलाजवळ जाऊन नाव विचारलं, काय खाल्लं विचारलं, एक मुलगा शेवभाजी म्हणाला तर त्याला फ्रेंच वाक्यात शेवभाजी बसवून दिली. एक पोरगी चुकली, मॅडमनी फक्त तेच वाक्य पुन्हा नीट म्हणून दाखवलं आणि पुढं गेल्या. कोणी हसलं नाही. मी मागच्या बाकावर बसले होते आणि मला तालुक्याची शाळा आठवत होती.

माझं मत तिथंच पक्कं झालं, आणि आजही कोणी विचारलं तर मी तेच सांगते, की देश बघून भाषा निवडू नका, बाई किंवा सर बघून निवडा. वर्गात मूल तोंड उघडतं का, एवढं एक बघा. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. आठवड्याच्या दोन-तीन तासांत शाळेतली तीन वर्षं म्हणजे पहिली पायरी, फार तर दुसरीच्या काठाशी. जर्मनीत नर्सिंगचं काम करायचं तर साधारण बी-टू लागतं. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला तेव्हा आमच्या ग्रुपवर परत 'बघा, जर्मन घ्यायला हवं होतं' सुरू झालं, आणि ज्या मुलांना बारावीनंतर खरंच तिकडं जायचंय त्यांनी जरूर शिकावं, पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये युनिव्हर्सिटीचा विभाग आहे, वर्ष-दोन वर्षं झटून ते होतं. मोठं झाल्यावर पोटासाठी भाषा शिकता येते. अकराव्या वर्षी पोटाची घाई नको. शिवाय शाळेतली भाषा टिकेल याची खात्री कुठंय, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मन बंद करून संस्कृत आणायचं वर्षाच्या मध्यातच ठरलं होतं.

टिक लेकीनंच केली, फ्रेंचवर. मी विचारलं का, म्हणाली मॅडम छान आहेत आणि आजीला पण येतं.

मला मनातून भीती होती. पुन्हा फ्रेंच, पुन्हा नोट्स, पुन्हा ९२. पण तसं झालं नाही. रोज रात्री भांडी आवरताना ती मला विचारते आणि मी उत्तर देते, पहिले काही महिने माझंच तोंड उघडत नव्हतं, शब्द आठवायचे ते निबंधातले. मग एक दिवस मी ओट्यापाशी उभी राहून, काही न ठरवता, 'पाणी दे' फ्रेंचमध्ये म्हणाले आणि तिनं पाणी दिलं. वीस वर्षांनी. ग्लास हातात घेऊन मी तशीच उभी होते.

आणि मायचा फोन आता मी घरातच घेते. स्पीकरवर. लेक मधे मधे तोंड घालते, 'काय करी राहिनी वं आजी?' असं मोठ्यानं विचारते, चुका खूप करते, 'माले' च्या जागी 'मला' येतं, माय दुरुस्त करत नाही, फक्त तेच वाक्य परत नीट म्हणते, त्या मॅडमसारखं. दोघींची ओळख नाही, पण शिकवायची रीत एकच.

या एप्रिलला पुन्हा बिबडे होते. लेक आता उंच झालीये, आजीच्या खांद्याच्या वर जाते, गच्चीवर परात तीच नेते. माय खाली पायरीवर बसून ओरडून विचारत होती, कितला झाया? लेकीनं वर उन्हात उभं राहून एकेक रांग मोजली आणि तिथूनच उत्तर दिलं, आधी कात्र-व्हँ-दीझ-नफ, मग लगेच, "चार ईसा नि एकोनीस, आजी!"

"एक कमी शे," माय म्हणाली, परातीतला शेवटचा घाटा खरवडून तिनं गोळा केला, आणि मला म्हणाली थाप, पाच ईसा होऊ दे.